हातकामाचे पान : ट्रंकेतील चामडे

उज्जैनच्या माधवनगरातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लांब आहे व त्यातील बराचसा मजकूर घरगुती असल्यामुळे येथे छापण्याजोगा नाही. परंतु तिने विचारलेला प्रश्न पुष्कळांच्या उपयोगी पडेल असा आहे. तिचे सासरे निवृत्त झाल्यावर घरी चामड्याचे काम करीत. पैशांची पाकिटे, चष्म्याची घरे, प्रार्थनापुस्तकांची आवरणे अशा लहानसहान वस्तू ते करीत आणि त्यातील बहुतेक वाटून टाकीत. दोन वर्षांपूर्वी ते देवाघरी गेले. त्यांच्यामागे म्हशीचे अर्धे चामडे, शेळीची तीन चामडी, तुकड्यांचे एक गाठोडे आणि नातवासाठी कापून ठेवलेले, पण शिवावयाचे राहून गेलेले प्रार्थनापुस्तकाचे एक आवरण, एवढी इस्टेट उरली. सुनेने हे सर्व प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधले, लोखंडी ट्रंकेत घड्या करून ठेवले आणि ट्रंकेला कुलूप लावले.

पावसाळा संपल्यावर साफसफाईसाठी ट्रंक उघडली, तो आतून कुबट वासाचा लोट आला. चामड्यावर पांढरी लव चढली होती, घड्यांच्या जागी चिरा पडल्या होत्या, आणि जेथे पिशवी फाटून चामडे ट्रंकेच्या पत्र्याला टेकले होते तेथे शाई सांडावी तसे काळे डाग उमटले होते. सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्या जनावराचे कातडे घरात ठेवू नये, हे मी त्यांनाही सांगत होते. टाकून दे." मुलगा बारा वर्षांचा आहे. तो म्हणतो, "आजोबांचे आहे, मी शिकणार." भगिनी विचारते की, यातले काय वाचेल, आणि जे वाचेल ते पुढे कसे सांभाळावे?

प्रथम हे सांगितले पाहिजे की, या भगिनीने हयगय केलेली नाही. तिने पराकाष्ठेची काळजी घेतली. मात्र ती जरीच्या शालूची किंवा चांदीच्या भांड्यांची घ्यावी तशी घेतली. शालू कुलपात सुखाने राहतो. चामड्याचा तेथे जीव घुसमटतो.

असे का होते ते नीट समजून घेऊ. कातडे आणि चामडे या दोन वस्तू वेगळ्या आहेत. जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे. ते तसेच ठेवले तर दोन दिवसांत कुजते. चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचे केस काढतात आणि मग बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या अर्कात ते पुष्कळ दिवस मुरवितात, म्हणजे त्याचे चामडे होते. यालाच आपण कातडे कमावणे म्हणतो. सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंशी बांधले जाते व तंतू सहसा कुजत नाहीत. पण तंतू तंतूच राहतात. हवेतील ओल ते शोषून घेतात व हवा कोरडी झाली म्हणजे परत देतात. चांगल्या स्थितीतील चामड्यात त्याच्या वजनाच्या सुमारे आठव्या हिश्शाइतके पाणी असते. ते फार घटले तर चामडे ताठरते व घडीवर चिरते. फार वाढले तर त्यावर बुरशी येते.

आता माळव्याची हवा पाहा. उज्जैनला वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा अशी कोरडी होते की सुपारीही तडकावी. म्हणजे एकाच वर्षात चामड्याला दोन्ही संकटांतून जावे लागते. वसईच्या किनाऱ्यावरील वाचकांना ओलीची बाजू अधिक सांभाळावी लागेल, अहिल्यानगरकडील वाचकांना कोरडेपणाची. माधवनगरात दोन्ही सांभाळावयाच्या.

वस्तुसंग्रहालयांत चामड्याच्या वस्तू ठेवताना हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखण्याचा प्रयत्न करतात. ६५-७० टक्क्यांच्या पुढे ती बरेच दिवस राहिली की बुरशीला रान मोकळे होते. आर्द्रता मोजण्याचे लहान यंत्र हल्ली फार महाग नाही. पण ते नसले तरी स्वयंपाकघरातील मिठाची बरणी आहेच. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सोडू लागते. खडेमिठात दुसरे क्षार मिसळलेले असल्यामुळे ते त्याच्याही आधी ओलसर होते, आणि आपल्या कामाला हे अधिक सोयीचे आहे. खडेमीठ चिकट लागू लागले की त्या दिवशी चामड्याची गुंडाळी उघडून पाहावी. बारीक मिठाला पाणी सुटेपर्यंत थांबू नये.

प्लॅस्टिकच्या पिशवीने घात केला तो असा. बांधताना चामड्यात जी ओल होती ती आत कोंडली गेली. लोखंडी ट्रंक दिवसा तापते, रात्री थंड होते. दिवसाच्या उष्णतेने चामड्यातून निघालेली वाफ रात्री पिशवीच्या आतल्या अंगाला दवासारखी बसते आणि पुन्हा चामड्यावर उतरते. असे रोज घडत राहिल्यावर बुरशी न आली तरच नवल.

काळ्या डागांची गोष्ट निराळी आहे, आणि ती मोठी मौजेची आहे. साल व हिरडा यांतील तुरट द्रव्याला ओल्या लोखंडाचा स्पर्श झाला की काळा रंग तयार होतो. धार जिल्ह्यातील बाग या गावी कापडावर जी प्रसिद्ध छपाई होते, तिच्यात कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात व मग लोखंडाच्या क्षाराने त्यावर काळी नक्षी उठवितात. अडकित्त्याने चिरलेल्या कच्च्या आवळ्याची फोड काळवंडते त्याचेही कारण तेच. ट्रंकेच्या पत्र्याने भगिनीच्या चामड्यावर नकळत बागेची छपाईच करून ठेवली आहे! म्हणून कमावलेल्या चामड्याजवळ खिळे, टाचण्या, तारेचे आकडे, लोखंडी वजने काही असू नये.

आता आहे त्या मालाचे काय करावयाचे ते सांगतो. सर्व चामडे घराबाहेर, पण सावलीत, वाऱ्यावर काढावे. उन्हात मुळीच टाकू नये. ओले चामडे उन्हात टाकणे म्हणजे त्याचे लाकूड करणे होय. नाकातोंडाला फडके बांधावे व मऊ ब्रशाने लव झाडावी. ती घरात झाडू नये, कारण बुरशीचे कण उडून दुसरीकडे बसतात. मग पिळून काढलेल्या ओलसर फडक्याने पुसून पुन्हा सावलीत एक-दोन दिवस वाळू द्यावे. वाळल्यावर ते कडक वाटेल. त्या वेळी घाईने तेल चोपडू नये. हाताने हळूहळू मळावे आणि मग एरंडेलाचा अगदी पातळ हात खरबरीत बाजूने द्यावा. पूर्वी विहिरीच्या मोटेला आणि वहाणांना तेल देत, ते नित्य पाण्याचा व उन्हाचा मार खाणाऱ्या चामड्याला. फडताळात बसून राहिलेल्या चामड्याला तितके तेल दिले तर ते चिकट होते आणि त्यावर धूळ बसते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. पांढरे दिसते ते सगळेच बुरशी नसते. थंडीत कधीकधी चामड्यातील चरबी वर येते व मेणासारखी पांढुरकी पापुद्री धरते. ती अपायकारक नाही. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा दुरून दिली किंवा कोमट फडके दाबून धरले की ती विरघळून दिसेनाशी होते. बुरशी तशी विरघळत नाही. ती ठिपक्याठिपक्यांनी येते व तिला वास असतो. भगिनीने वासाचा उल्लेख केला आहे, तेव्हा तिच्याकडे आहे ती बुरशीच.

जेथे घडीवर आरपार चीर गेली आहे तेथे उपाय नाही. तेथून कापून दोन तुकडे करावेत. म्हशीच्या अर्ध्या चामड्यात पाठीचा भाग घट्ट व एकसारखा जाड असतो, तर पोटाचा भाग सैल असतो व ताणला जातो. चीर पोटाकडे असेल तर फारसे गेले असे समजू नये. तो भाग नाहीतरी अस्तरालाच लागतो.

पुढील साठवणीसाठी खर्च जवळजवळ नाही. कापडाच्या दुकानातून ठाणे गुंडाळण्याची जाड पुठ्ठ्याची नळी मागून आणावी. दुकानदार बहुधा फुकट देतो. तिच्यावर कोरा कागद गुंडाळून चामडे सैलसर गुंडाळावे, आणि ते गुळगुळीत बाजू, म्हणजे पूर्वी जेथे केस होते ती बाजू, बाहेर ठेवून. आत ठेवली तर तिच्यावर बारीक सुरकुत्या दाबल्या जातात व त्या जात नाहीत. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, त्याची शाई चामड्यावर उतरते. वरून जुने सुती धोतर किंवा लुगडे गुंडाळावे, पण त्याला खळ असता कामा नये, कारण खळीला किडे लागतात. बांधावयास सुती नाडी घ्यावी. रबर चिकटते आणि तार काय करते ते वर आलेच आहे. रंगविलेले लाल किंवा काळे चामडे फिक्या चामड्याला लावून ठेवू नये, रंग फुटतो.

ही गुंडाळी लाकडी मांडणीवर आडवी ठेवावी. उभी ठेवली की खालची कड चेपते. भिंतीपासून वीतभर अंतर असावे, कारण पावसाळ्यात भिंत पाणी ओढते. पत्र्याखालचा माळा नको, चुलीच्या धुराची खोली नको, आणि खिडकीचे ऊनही नको. सालीने कमावलेले चामडे उजेडाने काळवंडत जाते व अर्धवट झाकलेले असेल तर त्यावर पट्टे उमटतात. कडुलिंबाचा पाला घालावयाचा तर तो खडखडीत वाळलेला असावा. हिरवा पाला घालणे म्हणजे किड्यांच्या भीतीने ओलीला घरात बोलावणे होय. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर फडक्यात बांधून दूर ठेवाव्यात. उंदरांकडे मात्र लक्ष असू द्यावे. चामड्यातील चरबीचा वास त्यांना आपल्याआधी येतो. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा, गुंडाळी सोडून हवा द्यावी व उलट टोकाकडून पुन्हा गुंडाळावी.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांचा तिटकारा कशातून आला हे आपण सर्व जाणतो. कच्च्या कातड्याविषयी त्यांचे म्हणणे मी अक्षरशः मान्य करतो. कच्चे, मिठात घातलेले कातडेसुद्धा घरात आणू नये. फाशी रोगाने, म्हणजे माणसात ज्याला काळपुळी म्हणतात त्या रोगाने मेल्याचा संशय असलेल्या जनावराचे तर कातडे कोणी सोलूच नये. तो रोग त्या वाटेने माणसाला होतो. परंतु कमावलेले चामडे ही स्वच्छ वस्तू आहे, आणि ती स्वच्छ झाली ती ज्यांच्या हातांनी, त्या ढोर व चर्मकार समाजांतील कारागिरांना आपण शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. चपला मात्र घातल्या! वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० नंतरच्या दशकात विनोबांच्या सहवासातील गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. तेथे आपोआप मेलेल्या जनावरांचीच कातडी कमावीत. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने हे काम हातात घ्यावे, याचा त्या काळी अनेकांना धक्का बसला. त्याहून फार जुनी गोष्ट आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतोच. यापो येथे पेत्र समुद्रकाठी राहिला तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी. त्या धंद्याला यहुदी लोक अशुद्ध मानीत. सासूबाईंना हे वादासाठी ऐकवू नये. पण चामड्याला वास न राहील अशा रीतीने ठेवून दाखवावे. माझा अनुभव असा की, वास गेला की अर्धा वाद जातो.

एक व्यवहाराची सूचना. चामडे कोणत्या जनावराचे व कोठून घेतले याची पावती गुंडाळीबरोबर जपून ठेवावी. गोवंशाविषयीचे कायदे मध्य प्रदेशात कडक आहेत, महाराष्ट्रातही २०१५ पासून कडक झाले. म्हशीचे व शेळीचे चामडे बाळगणाऱ्यालाही कोणी प्रश्न केला तर तोंडी उत्तरापेक्षा कागद बरा. सासऱ्यांच्या कपाटात अशा पावत्या सापडतात का ते पाहावे.

आता तुकड्यांचे गाठोडे. या छंदातील बहुतेक घरांत हेच गाठोडे वर्षावर्षाला फुगत जाते, आणि हवा तो तुकडा त्यात कधी सापडत नाही. त्याची वाटणी आकारावरून करू नये. कोणता तुकडा कोणत्या चामड्यातून निघाला, त्यावरून करावी. हे मी आग्रहाने सांगतो. ज्या गुंडाळीचे तुकडे, ते पातळ सुती पिशवीत घालून त्याच गुंडाळीला बांधावेत. कारण असे की, रंग, तेल, डिंक, लिंबाचा रस, जे काही चामड्यावर लावावयाचे ते आधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर लावून पाहिले पाहिजे. दुसऱ्या जनावराचा तुकडा भलतेच उत्तर देतो. प्रत्येक तुकड्याच्या खरबरीत बाजूवर शिसपेन्सिलीने जाडी व खरेदीचे साल लिहावे. शाईची लेखणी नको, ती फुटून पलीकडे येते.

तुकड्यांत दोन जाती मिसळलेल्या असतील त्या आधी वेगळ्या कराव्यात. सालीने कमावलेल्या चामड्याची कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसते व पाण्याचा थेंब ते चटकन पिऊन गडद होते. क्रोमच्या क्षाराने कमावलेल्या चामड्याची कड पुष्कळदा निळसर करडी असते. हे दुसरे चामडे मऊ व टिकाऊ असते, पाकिटाच्या अस्तराला उत्तम. पण त्याचे तुकडे चुलीत किंवा पाणी तापविण्याच्या बंबात कधीही जाळू नयेत. जळताना त्यातील क्रोमचे विषारी रूप तयार होऊ शकते, आणि ती राख भांडी घासण्याच्या राखेत मिसळली तर काय होईल हे सांगावयास नको. खताच्या खड्ड्यातही ते टाकू नयेत.

बाकीच्या तुकड्यांचे उपयोग मुलगा स्वतःच शोधील. जाड तुकड्यातून सायकलच्या पंपाचा वॉशर निघतो. लांब कडांच्या वाद्या काढाव्यात. वीतभर तुकड्यात चष्म्याचे घर बसते, बोटभर पट्टीत पुस्तकाची खूण. उज्जैनहून जवळच असलेल्या इंदूरची चामड्याची खेळणी प्रसिद्ध आहेत व त्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आतल्या सांगाड्यावर पातळ चामडे चिकटवून केलेली ती हरणे व घोडे मुलाला एकदा नेऊन दाखवावेत. शेळीच्या पातळ तुकड्यांचे काय करावे ते पाहून त्याला आपोआप कळेल. जे तुकडे तीन बोटांहून लहान, सुरकुतलेले किंवा आरपार बुरशीने डागळलेले आहेत, ते मात्र फेकून द्यावेत. सासऱ्यांनी ठेवले म्हणून ठेवू नयेत. बहुधा त्यांनीही ते फेकावयाचेच म्हणून ठेवले असतील.

राहता राहिले आजोबांनी कापलेले आवरण. भगिनी लिहिते की, तेच सर्वांत खाली होते आणि त्याच्या एका कोपऱ्यावर रुपयाएवढा काळा डाग आहे. प्रथम त्याच चामड्याचा तुकडा गाठोड्यात शोधावा. आवरण कापल्यावर उरलेली पट्टी तेथे असणारच. तिच्यावर ओल्या खिळ्याने मुद्दाम डाग पाडावा, मग लिंबाचा रस निम्म्या पाण्यात मिसळून फडक्याने हलके पुसावे, थोडा वेळ थांबून स्वच्छ पाण्याने पुसून काढावे. डाग फिकट झाला व आजूबाजूचा रंग फारसा बदलला नाही, तर आवरणालाही तेच करावे. ठिपक्यापुरते न पुसता सगळे आवरण एकसारखे ओलावून मग पुसावे, नाहीतर ओलीची रेघ राहते.

डाग गेला नाही, तर दुसरा उपाय आहे व मला तो अधिक आवडतो. काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात गंजके लोखंडी खिळे टाकावेत. झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. आठ-पंधरा दिवसांनी ते पाणी गाळून घ्यावे. ते सालीने कमावलेल्या चामड्यावर फिरविले की पाहता पाहता सगळे चामडे काळेभोर होते. ज्या गुणाने डाग पडला त्याच गुणाने सगळे आवरण एकरंगी होते, आणि हा रंग वर चढविलेला नसल्यामुळे हाताला लागत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसावे म्हणजे आंबटपणा मारला जातो. मग साध्या पाण्याने पुसून सावलीत वाळवावे आणि एरंडेलाचा एक हात द्यावा. हाही प्रयोग आधी पट्टीवर करून पाहावा. प्रार्थनापुस्तकांची आवरणे जुन्या घरांत काळीच असत, तेव्हा आवरण शोभेलही. शिवण्याची भोके आजोबांनी आरीने पाडून ठेवली आहेत असे पत्रात आहे. दोरा मेण लावून घ्यावा आणि मुलाला शिवू द्यावे.